दव वाळेपर्यंत

काल सकाळी गजाननभाऊंचा फोन आला. हा माणूस हॅलो-बिलो म्हणत नाही, थेट शेतातून सुरू होतो. "सिस्टर, पऱ्हाटी फुटली. येत्या आयतवारी पहिला वेचा धरतो. पाळकबाईले सांगजा, प्रवचन जरा लंबंच ठेवा म्हना. यंदा दव लय पडून राह्यलं." मी बरं म्हणेपर्यंत फोन ठेवूनही झाला होता. तेवढ्यात गॅसवरचा चहा उतू गेला. भावजय येऊन पाहते तो मी ओटा पुसायचं सोडून एकटीच हसत उभी.

गजाननभाऊ काही आमच्या ख्रिस्ती मंडळीतले नव्हेत. त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती आहे आणि त्याला शनिवारी न चुकता तेल असतं. चर्चची पायरी ते चढले असतील तर कुणाच्या लग्नाच्या जेवणापुरतीच. तरी अख्ख्या ढाणकी परिसरात लांब प्रवचनाची इतकी आवड असलेला दुसरा माणूस मला दाखवून द्या. या आवडीचं कारण अध्यात्मात नाही, कापसात आहे, आणि ते सांगायचं तर मला तीन वर्षांमागच्या हंगामात जावं लागेल. तसंही बोंडं फुटली की मी तिथे जातेच.

या दिवसांना एक वास असतो. सकाळी थंडीत ओल्या मातीचा, दुपारी तापलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, थोडा कडवट, आणि संध्याकाळी बाजारपेठेत गाड्यांवर दाबून भरलेल्या कापसाचा, धूळ आणि सरकीचं तेल मिसळलेला. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असतात, कारण प्रत्येक गाडी जाता जाता काही ना काही झाडाला देऊन जाते. लहानपणी आम्ही ते काढून कानात घालत असू. थंडीसाठी म्हणून आई रागवायची नाही, पण ऐकू येत नसल्याचा बहाणा केला की तिचा हात उठायचा.

मी नर्स होते. होते म्हणायची अजून सवय झालेली नाही. तेहतीस वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात, एका मिशनच्या दवाखान्यात. लग्न करायचं राहून गेलं, आणि राहून गेलं ते बरंच झालं असं दोन्ही बाजूंनी म्हणता येईल, कारण माझी जीभ जरा तिखट आहे. पण वॉर्डात माझं नाव चांगलं होतं. सलाईन लावताना, टाके घालताना, बाळंतिणीच्या उशाशी, मी दर वेळी मोठ्याने प्रार्थना करायची. हिंदू असो, मुसलमान असो, कुणी नको म्हटल्याचं आठवत नाही. सिस्टरचा हात हलका आणि प्रार्थना भारी, असं लोक म्हणत. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

निवृत्त होऊन भावाकडे ढाणकीला आले. पहिल्याच रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, आज प्रार्थना आपण चालवा." मी उभी राहिले, डोळे मिटले, आणि काहीही आलं नाही. बोअर आटली की मोटर नुसती घरघरते, तसा घशातून आवाज निघाला फक्त. मी खोकले. घसा बसलाय अशी खूण केली आणि खाली बसले. पुढच्या रविवारीही घसा बसला. त्याच्या पुढच्याही. घरी एकटीने प्रयत्न केला, गुडघे टेकून, भिंतीकडे तोंड करून. "हे प्रभू" एवढं म्हणायची आणि पुढे शांत.

मंडळी आमची छोटी आणि मायाळू. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी हळद घातलेलं दूध, कुणी अडुळशाचा काढा. एका रविवारी तर भर उपासनेत माझ्या घशासाठी प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे मिटलेले, आणि मी ठणठणीत घशाची बाई मान खाली घालून बसलेली. आता हसू येतं. तेव्हा मात्र मी आतून घाबरले होते. तेहतीस वर्षं मी देवाशी बोलत होते की नोकरीशी, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. ड्युटी संपली तशी प्रार्थनाही संपली असेल, तर मग माझ्यापाशी उरलं काय? आणि उरलेली वर्षं घेऊन मी करायचं काय? हे मी कुणालाच सांगितलं नाही. ज्याला सांगायचं त्याच्याशीच बोलणं बंद होतं.

अशात कापूस फुटला आणि चर्च रिकामं झालं. हे दर वर्षीचंच. फुटलेलं बोंड रविवार पाहत नाही. आमच्या मंडळीतल्या बहुतेक बायका मजुरीने वेचायला जातात, त्यामुळे हंगामात बाकांवर म्हातारी माणसं आणि मी. पाळकसाहेबांकडे पाच गावं, ते मोटरसायकलवर कुठल्या तरी रस्त्याला. मग त्यांच्या बायकोने, आमच्या पाळकबाईंनी, एक दिवस ढोलकी उचलली आणि म्हणाल्या, "बाया येत नाहीत त आपन जाऊ. चला सिस्टर, तुमाले गायचं नाही, नुसतं बसायचं हाय."

आता दवाचं. बाया पहाटे स्वयंपाक उरकून शेतावर उजाडता पोचतात, पण त्या वेळी पऱ्हाटी दवाने भिजलेली असते. ओला कापूस वजनाला जास्त भरतो आणि मजुरी किलोवर, म्हणून बायांना तो लगेच वेचायचा असतो. मालकाच्या घरी मात्र तोच कापूस ढिगात पिवळा पडतो, म्हणून त्याला उन्हं वर यायला हवी असतात. रोज सकाळी यावरून तणतण. गजाननभाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हात पसरून उभे, आणि बाया त्यांना वळसा घालून तासात, पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये, घुसायच्या बेतात. अशा वेळी पाळकबाई ढोलकी घेऊन उगवल्या आणि विचारलं, "भाऊ, दव वाळेलोक उपासना घेऊ का इथं?" गजाननभाऊंचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

तेव्हापासून आमच्या उपासनेची वेळ घड्याळावर नसते. कडुनिंबाखाली पोती अंथरतात. बाया वेचलेला कापूस टाकायची ओटीची फडकी कमरेला बांधूनच बसतात. गाणी होतात, बायबलचं वचन होतं, पाळकबाई बोलतात. गजाननभाऊ त्या वेळी तासातून हिंडत बोंडं चाचपत असतात. ओल असेल तर लांबूनच हात गोल फिरवतात, म्हणजे चालू द्या. वाळलं की टोपी काढून डोकं खाजवतात. ती खूण दिसली की पाळकबाई शेवटच्या मुद्द्यावर येतात. एकदा धुकं पडलं होतं तेव्हा त्यांनी एकाच सकाळी तीन प्रवचनं संपवली आणि चौथ्यासाठी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी घशाला हात लावला.

बसणाऱ्यांत निम्म्या बाया मंडळीबाहेरच्या. त्यात शेवंताबाई. बौद्ध, माझ्याच वयाची, सुकलेल्या शेंगेसारखी बारीक, आणि वेचणीत सगळ्यांच्या पुढे. पहिल्या दिवशी तिने मला "जय भीम" केला, मी आमच्या मंडळीच्या रीतीने "सलाम" म्हटलं, आणि दोघी शेजारी बसलो. "माह्यं तुमच्या देवाशी काही घेनं नाही बरं," ती म्हणाली, "पन गानं चांगलं वाटते. आन बसाले भेटते." मी म्हटलं, माझंही सध्या तसंच आहे. ती विनोद समजून हसली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या बायांचे हात पाहिले. आयुष्यभर कापूस वापरला मी, ड्युटीच्या दिवसांत किती बोळे केले त्याला गणती नाही, पण तो येतो कुठून ते विसरूनच गेले होते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला घुसतात. दहाही बोटं चिरलेली, काहींची सुजलेली, आणि त्याच बोटांनी कणीक, भांडी, धुणं. माझ्यातली सिस्टर ताडकन उठून बसली.

पुढच्या रविवारी मी पेटी घेऊन गेले. पेटीत जुना भरवशाचा गडी, जेन्शन व्हायोलेट, म्हणजे ते जांभळं औषध. उपासना संपताच बायांना ओळीने उभं केलं आणि सगळ्यांची बोटं रंगवली. काय समाधान वाटलं म्हणता. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यापुढे हात धरला होता. बाया कामाला लागल्या, मी कडुनिंबाखाली पेटी आवरली, आणि स्वतःवर खूश होऊन भाकरी खाल्ली.

चार वाजता काट्यावर पहिलं गाठोडं सुटलं. पांढऱ्याशुभ्र कापसावर जागोजागी जांभळे ठिपके. दुसरं सोडलं, तेच. तिसरं तर एखाद्या लहान मुलाने शाई सांडल्यासारखं. तेहतीस वर्षांची अनुभवी नर्स, आणि ओलं औषध लावून बायांना पांढऱ्या कापसात पाठवलं. गजाननभाऊंनी एक जांभळा पुंजका उचलून उन्हात धरला. मग म्हणाले, "सिस्टर, होळीले टाइम हाय ना अजून?" पण त्यांचा आवाज हसण्यातला नव्हता. व्यापाऱ्याला एक डाग दिसला तरी तो सगळ्या मालाचा भाव पाडतो, हे मला भावाने नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त जमिनीत जावंसं वाटलं. पाळकबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, नाताळाच्या आधीच्या चार आयतवारी आमच्या वेदीवर जांभळंच कापड असते. तुमच्या कापसानं आमच्याआधी रंग धरला." गजाननभाऊंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा गाठोड्याकडे पाहिलं, आणि अखेर त्यांना हसू फुटलं.

मग आम्ही निवडायला बसलो. कुणी सांगितलं नाही, पण एकही बाई घरी गेली नाही. गोल करून, मध्ये ढीग, आणि ठिपक्याठिपक्याने जांभळं बाजूला. ऊन उतरत होतं, माझी माफी मागून मागून झाली होती, आणि बाया माझी इतकी टिंगल करत होत्या की रागवायलाही सवड मिळेना. एकीने तर निवडलेला जांभळा कापूस कानावर लावून नवरीसारखी मान वेळावली. निवृत्तीनंतर मी पोट धरून हसले ती पहिली वेळ.

शेवंता माझ्या शेजारी. हात न थांबवता तिने विचारलं, "सिस्टर, पाळकबाई म्हनते तुमी लय मोठ्या प्रार्थनावाल्या. मंग आमच्यासमोर काहून नाही म्हनत?"

"घसा बसलाय."

"मंग मले रागवता तवा कसा उठते?"

आता काय सांगणार? इतके महिने पाळकसाहेबांना, भावाला, भावजयीला जे सांगितलं नव्हतं ते मी या बाईला, ज्या बाईचं माझ्या देवाशी काही घेणं नव्हतं तिला, सांगून टाकलं. म्हटलं, "येत नाही व. आटलीच. तोंड उघडते आणि काही येत नाही." तिने मान हलवली. तिला त्यात फारसं नवल वाटलं नाही. म्हणाली, "गाय नाही का कधी कधी पान्हा चोरत? मारून-झोडून देते का थे? वासरू लावलं का सोडते." आणि पुढचा डाग उचलला.

त्यानंतर मी शहाणी झाले. औषध सकाळी नाही, संध्याकाळी, वजन झाल्यावर. तेही जांभळं नाही. गजाननभाऊंनी स्वतः चुलीवर पाणी तापवायची सोय करून दिली, म्हणाले, "रंग सोडून काईबी लावा." घमेल्यात कोमट पाणी, चिमूट मीठ, मग कोरडं फडकं, मग खोबरेल. बाया एकेक करून समोर बसायच्या. पहिल्यांदा लाजल्या, आपले हात दुसऱ्या कुणी धुवायचे ही कल्पनाच त्यांना नवीन. मंडळीतल्या बायांना मात्र लगेच आठवलं. आमच्याकडे पुण्यगुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाळकसाहेब मंडळीचे पाय धुतात, प्रभूने आपल्या माणसांचे धुतले होते म्हणून. मी कित्येक वर्षं तो विधी पाहिला होता आणि पाणी फार गार आहे की नाही एवढंच पाहिलं होतं. आता त्या घमेल्यापुढे बसले की वाटायचं, त्याने वाकून पाय धुतले तेव्हा तो बोलत होता की गप्प होता? मला वाटतं, पाय हातात असताना तो फारसं बोलत नसावा. माझी भीती तिथेच थोडी सैल झाली. प्रार्थना अजून येत नव्हती, पण नाही आली म्हणून देव उठून गेला आहे असं आता वाटत नव्हतं. तो त्याच पोत्यावर कुठेतरी बसलेला असावा आणि दव वाळायची वाट पाहत असावा.

आणि नाताळ. तो नाताळ मी कशी विसरेन? चर्चमध्ये येशूजन्माचा गोठा करायचा तर बर्फ हवाच, असं आमच्याकडे का ठरलं आहे कोण जाणे. ढाणकीत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. पण कापूस घरचा. बायांनी गजाननभाऊंकडून ओटीभर मागून आणला आणि सरकीसकट गोठ्यावर पसरला. शेवंताने आपली शेळी दिली, खरी शेळी असली की गोठा खरा दिसतो म्हणून. शेळीला सरकी म्हणजे पेढे. पाळकसाहेब तारणाऱ्याच्या जन्माविषयी बोलत होते आणि शेळी मन लावून बर्फ खात होती. आधी छपरावरचा, मग अंगणातला, आणि शेवटी ती बाळाच्या गादीपर्यंत आली तेव्हा सगळी मंडळी उभी राहून हसत होती. पाळकसाहेबांना वाटलं आपलंच काही चुकलं. शेवंता दाराशी उभी राहून म्हणाली, "तिले उपाशी आनलं, चूक माहीच." मला त्या दिवशी देवाचे आभार मानायची इतकी इच्छा झाली की मी तोंड उघडलंही. शब्द मात्र तिथेच अडले.

शेवटचा वेचा जानेवारीत. त्या रविवारी शेवंताने हात धुवायला एकच पुढे केला, डावा. उजवा पदरात. मी म्हटलं, "दाखव." नाही म्हणाली. मी ज्या आवाजात वॉर्ड गप्प करायची, त्या आवाजात पुन्हा म्हटलं. अंगठ्याशेजारचं बोट पार जांभळं पडलेलं, या खेपेला औषधाने नव्हे. नखुरडं, आतून पिकलेलं, आणि सूज तळव्याकडे चाललेली. चार दिवस त्याच हाताने वेचत होती. "काहून लपवलंस व?" मी विचारलं. "सांगतलं असतं त तुमी वेचू देल्लं असतं?" ती म्हणाली. तिच्या घरात कमावते हात तेवढे दोनच. अशी बोटं मी कापलेली पाहिली आहेत.

सोमवारी सकाळी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण आणि भला होता. पाहून म्हणाला, चीर द्यावी लागेल, वेळेत आलात, बोट बहुतेक वाचेल. बहुतेक हा शब्द मी स्वतः किती जणांना सांगितला असेल. बाकावर बसून ऐकला की तो किती जड असतो ते त्या दिवशी कळलं. आत सामान मांडल्याचा आवाज येत होता. शेवंता, जी कुणाला भीत नाही, ती भ्यायली होती. माझा हात तिने धरला नाही, पण आपला दुखरा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचं थे म्हना."

"शेवंता, तुला सांगितलं ना..."

"माहीत हाय. मी काही मागून नाही राह्यली. माह्या बोटासाठी नका म्हनू, पाह्यजे त तुमच्यासाठी म्हना. हात त धरला हाय तुमी."

खरंच धरला होता. मनगटाखाली एक हात, बोटांवर दुसरा, तेहतीस वर्षं धरत आले तसा. नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. मी डोळे मिटले नाहीत. त्या सुजलेल्या बोटाकडे पाहत मी म्हटलं, "प्रभू, हे शेवंताचं बोट." त्यापुढे मला काही सुचलं नाही. सुचायची गरजही वाटली नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना, आणि मी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. ज्याच्याशी बोलणं बंद पडलं असं मी समजत होते, तो इतका जवळ होता की मोठ्याने सांगायची वेळच आली नाही.

"एवढंच?" शेवंताने विचारलं.

"एवढंच."

"बरं हाय. पाळकबाई लंबं करते." मग आतून नाव पुकारलं.

बोट वाचलं. दुपारी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ती माझ्यासोबत ऑटोत बसली. दोन्ही बाजूंनी वेचून संपलेली शेतं, पऱ्हाट्या नुसत्या काड्या होऊन उभ्या. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण ऑटोवाल्याचा विचार करून गप्प राहिले. निम्मा रस्ता गेल्यावर शेवंता एकदम माझ्याकडे वळली. इतके आयतवार कडुनिंबाखाली बसून तिला आमची प्रार्थना संपवायची रीत पाठ झाली होती.

"सिस्टर, तुमचं आमेन म्हनाचं राह्यलं."

"राहू दे," मी म्हटलं. "अजून संपली नाही."